व्हॅरम पर्सीचं पडकं चर्च आणि त्याची दफनभूमी: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

यॉर्कशायरमध्ये राहायला आलं की पाहुण्यांना दाखवायच्या जागा ठरलेल्या असतात. यॉर्कचं मिन्स्टर, विटबीचा किनारा, हॅरोगेटमधला चहा. व्हॅरम पर्सी त्या यादीत सहसा नसतं. तिथे तिकीटखिडकी नाही, दुकान नाही, चहाची टपरीही नाही. आहे ते एक छप्पर नसलेलं चर्च, त्याच्याभोवती गवतातली थडगी आणि वरच्या पठारावर एका अख्ख्या गावाचे उरलेले उंचवटे. आपल्याकडच्या महसूल दप्तरात ज्याला ‘बेचिराख गाव’ म्हणतात, तसं हे गाव आहे. इंग्लंडमधला साधा शेतकरी कसा जगला आणि कुठे पुरला गेला हे समजून घ्यायला मला याहून चांगली जागा ठाऊक नाही.

अडचण एकच. काही माहिती न घेता गेलेली माणसं तिथे पोचतात, चार फोटो काढतात आणि ‘एवढंच?’ म्हणत परत फिरतात. इथे बघण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते काय आहे हे सांगायला कोणी उभं नसतं. लीड्स, यॉर्क, हल किंवा मँचेस्टरच्या बाजूला राहणाऱ्या आणि असं ठिकाण पहिल्यांदाच बघणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहिते आहे. भारतातून आई-बाबा आलेले असतील आणि त्यांना घेऊन जायचा विचार असेल, तर तिसरा आणि पाचवा मुद्दा नीट वाचा.

१. निघण्याआधी एवढं माहीत असू द्या

व्हॅरम पर्सी नॉर्थ यॉर्कशायरमध्ये, वोल्ड्स नावाच्या खडूच्या टेकड्यांच्या पश्चिम कडेला आहे. सर्वांत जवळचं शहर मॉल्टन. इंग्लंडच्या राजानं जमिनी-मालमत्तांची जी डूम्सडे नोंदवही करून घेतली, तिच्यात १०८६ साली या गावाचा उल्लेख आहे. पुढे पर्सी घराण्याकडे इथली जमीन होती, त्यावरून गावाच्या नावाला ‘पर्सी’ चिकटलं. बाराव्या शतकापासून चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत गाव भरभराटीत होतं.

मग गाव उठलं कसं? बहुतेकांचं उत्तर ‘प्लेगनं’ असं असतं, आणि ते बरोबर नाही. १३४९ च्या सुमारास इथे महामारी आली, माणसं मेली, पण त्यानंतरही सुमारे दीडशे वर्षं गाव नांदतं होतं. माणसं हळूहळू कमी होत गेली. शेवटी इ.स. १५०० च्या आसपास जमीनमालकानं उरलेल्या कुटुंबांना बाहेर काढलं, घरं पाडली आणि नांगरटीची जमीन मेंढ्यांच्या कुरणासाठी मोकळी केली. लोकरीला भाव होता आणि मेंढ्या राखायला दोन-चार माणसं पुरत होती. म्हणजे रोगापेक्षा हिशेबानं हे गाव संपवलं. ही गोष्ट मनात ठेवून गेलात तर वरचे उंचवटे बघताना त्यांचा अर्थ लागतो.

गाव गेलं तरी चर्च राहिलं, आणि सगळ्या भेटीची किल्ली इथे आहे. सेंट मार्टिनचं हे चर्च एका गावाचं नव्हतंच. ते एका पॅरिशचं होतं, वसईकडचे लोक ज्याला धर्मग्राम म्हणतात त्याचं. व्हॅरम पर्सी, थिक्सेंडेल, रेस्थॉर्प, टोथॉर्प आणि बर्डेल अशा पाच वस्त्या मिळून हा धर्मग्राम होता. व्हॅरम पर्सी ओस पडल्यावरही इतर वस्त्यांतली माणसं टेकड्या उतरून इथे उपासनेला, लग्नाला आणि दफनाला येत राहिली. १८७० च्या सुमारास थिक्सेंडेलला स्वतःचं चर्च मिळालं आणि इथली वर्दळ आटली. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास उपासना थांबली, छपरावरचे शिशाचे पत्रे गेले, आणि १९६० च्या सुमारास मनोऱ्याचा मोठा भाग कोसळला.

आज ही जागा इंग्लिश हेरिटेज ही जुन्या वास्तू जपणारी संस्था सांभाळते.

२. कधी जायचं

प्रवेश मोफत आहे. दिवसाउजेडी केव्हाही जाता येतं, आरक्षण लागत नाही. तरी निघण्याच्या आदल्या दिवशी इंग्लिश हेरिटेजच्या संकेतस्थळावर या जागेचं पान उघडून बघाच. वाट बंद असली किंवा भिंतींची डागडुजी चालू असली तर तिथे कळतं.

मला विचाराल तर मार्चचा शेवट ते मेची सुरुवात, किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. कारण साधं आहे. गावाच्या घरांच्या खुणा म्हणजे गवताखालचे हात-दीड हात उंचीचे चढउतार. भर उन्हाळ्यात गवत वाढलं की ते बुडतात, आणि डोक्यावर ऊन असलं की सावली पडत नाही म्हणून सपाट दिसतात. ऊन तिरपं हवं. सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर तीच जमीन एकदम उठून दिसायला लागते. थडग्यांवरची अक्षरंही तिरप्या उजेडातच वाचता येतात.

हिवाळ्यात ऊन दिवसभर तिरपं असतं, पण डिसेंबरमध्ये इकडे पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. जेवून निघू म्हणाल तर अंधारात टेकडी चढावी लागेल. हिवाळ्यात जायचं तर अकराच्या आत गाडीतळावर पोचा.

दोन दिवस सलग पाऊस झाला असेल तर बेत पुढे ढकला. खडूच्या मातीवरची ओली पायवाट साबणासारखी निसरडी होते.

३. कागदपत्रं आणि सामान

जागेसाठी म्हणून कुठलंच ओळखपत्र लागत नाही. कागद लागतात ते प्रवासासाठी:

- गाडी चालवणार असाल तर परवाना. भारतीय परवान्यावर इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच गाडी चालवता येते. त्यानंतर ब्रिटिश परवाना हवा. मुदत उलटून गेली तर गाडीचा विमाही धोक्यात येतो, म्हणून तारीख तपासा.
- भाड्याची गाडी घेणार असाल तर पासपोर्ट आणि परवाना दोन्ही, आणि गाडी घेणाऱ्याच्या स्वतःच्या नावाचं कार्ड.
- ट्रेननं जाणार असाल आणि रेलकार्डवर सवलत घेतली असेल तर ते कार्ड.

सामानात घोट्याला आधार देणारे, तळाला खाचा असलेले बूट सर्वांत महत्त्वाचे. आईसाठी साडीवर चपला चालतील असं समजू नका. पँट किंवा सलवार, जाड मोजे आणि बूट असंच हवं. पाणी आणि खाणं घरून न्या. वारा अडवणारं जॅकेट जुलैतही असू द्या. छत्रीचा तिथल्या वाऱ्यात उपयोग होत नाही. छोटी विजेरी घ्या, ती थडगी वाचायला लागेल. उंच गवतात गोचिडी असतात, म्हणून पँट मोज्यांत खोचायची आणि घरी आल्यावर सगळ्यांचे पाय, काखा, मुलांची मान तपासायची. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढून काढा. पुढच्या काही आठवड्यांत लाल चट्टा पसरताना दिसला किंवा ताप आला तर डॉक्टरला दाखवा आणि गोचीड चावली होती हे आपणहून सांगा.

नकाशा हवाच. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशे काढणाऱ्या सरकारी संस्थेचा एक्स्प्लोरर ३०० क्रमांकाचा नकाशा हा भाग दाखवतो. कागदी नको असेल तर फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. दरीत मोबाइलच्या रेंजवर विसंबता येत नाही. अडचणीच्या वेळी ९९९ किंवा ११२ फिरवून बघा, तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरून तो फोन लागू शकतो.

बाबागाडी नेऊ नका. वाट उताराची, खडबडीत आणि फाटकांची आहे. तान्हं बाळ पाठीवर किंवा पोटाशी बांधून न्यावं. स्वच्छतागृह नाही, मॉल्टनमध्ये उरकून निघा.

४. गाडीतळापर्यंत

यॉर्कहून ए६४ रस्त्यानं मॉल्टन, तिथून बी१२४८ नं व्हॅरम-ले-स्ट्रीट, आणि त्या गावाच्या पुढे लगेच लहान रस्त्यावर गाडीतळ. पाट्या आहेत, पण छोट्या.

दोन ठिकाणी लोक चुकतात. पहिलं म्हणजे ए६४ हाच स्कारबराच्या किनाऱ्याचा रस्ता आहे. उन्हाळ्यात शनिवारी-रविवारी सकाळी तो तुंबतो आणि संध्याकाळी उलट्या बाजूनं तुंबतो. शक्य असेल तर आठवड्याचा मधला दिवस निवडा. दुसरं, व्हॅरम नावाची दोन ठिकाणं आहेत. व्हॅरम-ले-स्ट्रीट हे नांदतं गाव आहे आणि त्यालाही जुनं चर्च आहे. फोननं ‘व्हॅरम’ म्हणून तिथे आणून सोडलं की मंडळी त्याच चर्चला प्रदक्षिणा घालून येतात. तुमच्या चर्चला छप्पर असेल, तर तुम्ही चुकीच्या ठिकाणी आहात.

गाडी नसेल तर यॉर्क-स्कारबरा मार्गावर मॉल्टन स्टेशन आहे, यॉर्कपासून साधारण पंचवीस मिनिटं. पुढचे सहा-सात मैल टॅक्सी. जातानाच परतीची वेळ टॅक्सीवाल्याशी पक्की करा, कारण तिथून फोन करून बोलावण्याची खात्री नाही.

शेवटचा रस्ता अरुंद आहे. समोरून ट्रॅक्टर आला तर रुंद जागा बघून तुम्हीच मागे घ्या. जाताना तो हात वर करील, तुम्हीही करा.

५. गाडीतळापासून चर्चपर्यंत

अंतर पाऊण मैल, म्हणजे सव्वा किलोमीटरच्या आसपास. जाताना बराचसा उतार, मग एक ओढा आणि पुढे थोडा चढ. खरी परीक्षा परतीच्या चढावर होते. गुडघे दुखत असणाऱ्यांना आधीच स्पष्ट सांगा. एकदा खाली उतरल्यावर दुसरा रस्ता नाही आणि गाडी खाली येत नाही.

ओढा ओलांडल्यावर एका जुन्या रेल्वेमार्गाची पट्टी लागते. मॉल्टन ते ड्रिफील्ड हा मार्ग १८५३ साली सुरू झाला, प्रवासी गाड्या १९५० मध्ये थांबल्या आणि १९५८ मध्ये मार्गच बंद झाला. मध्ययुगातलं गाव जाऊन साडेतीनशे वर्षं झाल्यावर इथून आगगाडी धावली आणि तीही गेली.

वाटेत गाई भेटतील. हे कुरण आहे आणि त्या चरायला सोडलेल्या असतात. आपल्याला गाय दिसली की पुढे होऊन मानेवरून हात फिरवावासा वाटतो. इथे तसं करू नका. वासरू बरोबर असलेली गाय अंगावर येऊ शकते. लांबून वळसा घाला, गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नका, मुलांना पळू देऊ नका. कुत्रा बरोबर असेल तर दोरीला बांधून ठेवा, पण गाई पाठीस लागल्या तर दोरी सोडून द्या. तो स्वतःला वाचवतो आणि तुम्हीही वाचता. उघडलेलं प्रत्येक फाटक मागे लावायचं.

मग काही जुन्या घरांची रांग दिसते. ती मध्ययुगातली नाहीत, फार नंतरची आहेत. उत्खननाच्या वर्षांत संशोधकांचा तळ याच घरांत असे. त्यांच्या पलीकडे, दरीच्या बुडाशी, चर्च.

६. आधी बाहेरून एक फेरी मारा

दारातून सरळ आत शिरू नका. मध्ययुगीन चर्च पूर्व-पश्चिम असतं: पूर्वेला वेदी, पश्चिमेला मनोरा. दिशा लक्षात घेऊन सावकाश एक फेरी मारा आणि भिंतींमधल्या बुजवलेल्या कमानी शोधा.

त्या कमानी म्हणजे या धर्मग्रामाची जनगणना आहे. दहाव्या शतकाच्या आसपास इथे एक लहानसं लाकडी चर्च होतं. त्याच्या जागी दगडी आलं. बाराव्या आणि तेराव्या शतकांत माणसं वाढली, तेव्हा मुख्य दालनाच्या बाजूच्या भिंतींत कमानी काढून पलीकडे आणखी दालनं जोडली गेली. पुढे माणसं घटली. रिकामी दालनं आणि त्यांची छपरं कोण सांभाळणार? म्हणून ती पाडली आणि कमानी दगडांनी बुजवून टाकल्या. वेदीकडचा भागही नंतर आखूड केला. आज भिंतीत कमानीचे दगड स्पष्ट दिसतात आणि त्यांच्या पोटात वेगळ्या जातीची, वेगळ्या हातांची भरणी दिसते. एकाच भिंतीवर वाढतं गाव आणि आटतं गाव दोन्ही लिहिलेलं आहे.

इंग्लंडमध्ये जुनी चर्च हजारो आहेत. पण बहुतेक ठिकाणी एकोणिसाव्या शतकात इतकी दुरुस्ती झाली की भिंती गुळगुळीत झाल्या, आणि छप्पर, गिलावा, बाकं यांच्याआड जुनं काम लपलं. इथे छप्पर गेल्यामुळे सांगाडा उघडा आहे. मला तर पडझडीची खंत वाटण्याऐवजी इथे उभं राहिलं की कृतज्ञताच वाटते, की एवढं सगळं वाचता येतंय.

आता मनोऱ्याकडे या. अर्धा कोसळल्यामुळे तो जणू उभा कापलेला दिसतो आणि भिंतीची जाडी, आतले मजले यांचा अंदाज येतो. इथे थांबून मुलांना विचारा की छप्पर कुठल्या उंचीवर टेकत असेल. भिंतीतल्या खाचा आणि पुढे आलेले दगड बघून ती बरोबर सांगतात.

भिंतींवर चढू नका आणि मनोऱ्याच्या अगदी पायाशी जेवायला बसू नका. दगड सुटू शकतात. जिथे दोरी किंवा कुंपण असेल तिथे त्याच्या अलीकडेच थांबा.

७. दफनभूमीत

जेवण, फोटो, गप्पा जे काही असेल ते उरकून मग इथे या, आणि वेळ घेऊन या.

आधी एक गोष्ट समजून घ्या. दिसतात ते उभे दगड अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले आहेत. साध्या माणसाच्या थडग्यावर नाव कोरलेला दगड लावायची पद्धत इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून पुढे रुळली. म्हणजे हे दगड लागले तेव्हा व्हॅरम पर्सी ओस पडून दोन-तीन शतकं झाली होती. इथे नावानिशी झोपलेली माणसं बहुतेक करून धर्मग्रामातल्या इतर वस्त्यांमधली आणि आसपासच्या शेतांवरची. ज्यांच्यासाठी आपण इतक्या लांब आलो, ती गावातली माणसं दगडाशिवाय गवताखाली आहेत. तुम्ही ज्या मोकळ्या हिरवळीवरून चालता, तीही दफनभूमीच आहे.

उत्खननात इथून जवळजवळ सातशे माणसांचे सांगाडे निघाले. कफनात गुंडाळलेली, डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला, म्हणजे पुनरुत्थानाच्या दिवशी उठून बसलं की तोंड पूर्वेकडे. त्या हाडांमधून कळलेल्या गोष्टी मला राजेरजवाड्यांच्या इतिहासापेक्षा मोलाच्या वाटतात. तान्ह्या मुलांच्या हाडांच्या रासायनिक अभ्यासातून दिसलं की इथल्या आया मुलांना साधारण दीड वर्षापर्यंत अंगावर पाजत होत्या. एका पुरुषाच्या कवटीवर जोराचा घाव बसलेला होता. कोणीतरी त्याच्या कवटीचं हाड काळजीपूर्वक कापून काढलं होतं, आणि ती जखम भरून आली होती. जवळजवळ हजार वर्षांपूर्वी, एका खेड्यातल्या शेतकऱ्यावर झालेली ही शस्त्रक्रिया. आणि सांगाड्यांमध्ये अगदी लहान मुलं कितीतरी आहेत. आपल्या पणजीच्या पिढीत घराघरात जे होतं तेच.

आता दगड वाचण्याविषयी.

सकाळ-संध्याकाळचं ऊन नसेल तर विजेरी दगडाच्या कडेला धरून उजेड आडवा पाडा, खोलगट अक्षरांत सावली भरते. फोटोही तसाच काढा. अक्षरं दिसावीत म्हणून खडू, पीठ, दाढीचा फेस, तारेचा ब्रश यांतलं काहीही लावू नका. कागद ठेवून पेन्सिल घासणंही टाळा, जुन्या दगडाचा पापुद्रा सुटतो. दगडावरचे राखाडी-पिवळे ठिपके म्हणजे लायकेन, दगडफूल. ते खरवडू नका. वाढायला दशकंच्या दशकं घेणारी ही वनस्पतीसारखी सजीव वाढ जपण्यासाठी इंग्लंडमधल्या जुन्या दफनभूमी महत्त्वाच्या मानल्या जातात.

लिपीत अडायला होतं ते दोन ठिकाणी. जुन्या कोरीव कामात शब्दाच्या मधलं ‘एस’ हे अक्षर ‘एफ’सारखं लांब दिसतं. आणि बाईच्या नावापुढे ‘रेलिक्ट’ असेल तर ती त्या पुरुषाची विधवा.

इथे आणि इंग्लंडमधल्या इतर जुन्या दफनभूमींतही तारखांचा एक सापळा आहे. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये अधिकृत नवं वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे त्याआधीच्या दगडावर फेब्रुवारी १७४० लिहिलं असेल तर आपल्या हिशेबानं ते १७४१ असतं. काही ठिकाणी म्हणून दोन्ही वर्षं तिरपी रेघ मारून कोरलेली दिसतात. ती कोरणाऱ्याची चूक नव्हे.

कललेल्या दगडांना टेकू नका आणि मुलांना तर अजिबात हात लावू देऊ नका. वरून मजबूत दिसणारा दगड पायातून सुटलेला असतो आणि तो पडला तर मोठी इजा होते. दगडांवर बसणं, डबा मांडणं, कपडे टाकणं नको. चालताना दोन थडग्यांच्या मधून चाला.

उंदीर-घुशींनी किंवा सशांनी उकरलेल्या मातीत हाड दिसलं तर हात लावू नका. जागा लक्षात ठेवा, फोटो काढा आणि इंग्लिश हेरिटेजला कळवा.

घरच्या मोठ्यांचा प्रश्न येतोच: ‘स्मशानात कशाला न्यायचं?’ त्यांना ओढून नेऊ नका. चर्चच्या दक्षिणेला तळ्याकाठी बसायला छान जागा आहे, तिथे त्यांना बसू द्या. बहुतेक वेळा थोड्या वेळानं तेच उठून येतात. हात जोडावेसे वाटले तर जरूर जोडावेत. मात्र फुलं, हळदकुंकू, उदबत्ती काही ठेवू नका, ही जपलेली वास्तू आहे.

८. मुलांनी ‘झोंबी’ची गोष्ट ऐकलेली असेल तर

इंटरनेटवर या जागेविषयी सर्वाधिक काय पसरलं असेल तर हेच, म्हणून खरं काय ते सांगते. २०१७ साली हिस्टॉरिक इंग्लंड ही सरकारी वारसा संस्था आणि साउदॅम्प्टन विद्यापीठ यांतल्या संशोधकांनी इथल्या १३७ हाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती किमान दहा माणसांची होती, अकराव्या ते चौदाव्या शतकांतली, आणि त्यांच्यावर मृत्यूनंतर कापल्याच्या, तोडल्याच्या आणि जाळल्याच्या खुणा होत्या. परके लोक असतील का? दातांच्या तपासणीतून ते स्थानिकच निघाले. दुष्काळात नरमांसभक्षण? ती शक्यता त्यांनी पूर्णपणे नाकारली नाही, पण कापल्याच्या खुणा त्या पद्धतीशी नीट जुळत नव्हत्या. मेलेला माणूस उठून जिवंतांना त्रास देतो अशी त्या काळी समजूत होती, आणि ते टाळण्यासाठी प्रेतांचं असं केलं असावं, हे स्पष्टीकरण त्यांना पुराव्याशी सर्वांत जुळणारं वाटलं.

मुलांना सांगताना एक तपशील सोडू नका: ही हाडं दफनभूमीतली नव्हती, वस्तीतल्या खड्ड्यांतली होती. 

९. तळं आणि मग पठार

चर्चच्या खालचं तळं बांध घालून केलेलं आहे. आधी ते गिरणीसाठी होतं, पुढे माशांसाठी. काठ निसरडा असतो.

तिथून पश्चिमेकडच्या पठारावर चढा. माहितीचे फलक आहेत, त्यांवर गावाची कल्पनाचित्रं आहेत. फलकासमोर उभं राहून चित्र आणि जमीन आलटून पालटून बघा. लांबट चौकोनी उंचवटे म्हणजे घरांच्या भिंती आणि परसबागांचे बांध, मधल्या खोलगट पट्ट्या म्हणजे रस्ते. एकदा एक घर ‘दिसलं’ की रांगच्या रांग दिसायला लागते. मालकाच्या वाड्याच्या खुणाही इथेच आहेत.

हे सगळं कळलं ते दोन माणसांच्या चिकाटीमुळे. लीड्स विद्यापीठातले अर्थशास्त्रीय इतिहासकार मॉरिस बेरेसफोर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांनी १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात स्वयंसेवक घेऊन इथे खोदकाम केलं. त्याआधी मध्ययुगाचा शोध म्हणजे किल्ले आणि मठ. शेतकऱ्याचं घर खोदून बघण्याच्या लायकीचं आहे, हे या जागेनं ठसवलं. इंग्लंडमध्ये अशी उठलेली मध्ययुगीन गावं सुमारे तीन हजार ओळखली गेली आहेत.

मेटल डिटेक्टर आणू नका. संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय तो वापरणं १९७९ च्या कायद्यानं गुन्हा आहे. ड्रोनलाही परवानगीशिवाय मनाई आहे. खापराचा तुकडा सापडला तर आहे तिथेच राहू द्या.

१०. वेळ आणि परतीचा बेत

चालणं धरून तीन तास हाताशी ठेवा. उतरायला आणि चढायला मिळून पाऊण तास, चर्चला अर्धा, दफनभूमीला एक, बाकी पठाराला. वेळ कमी पडला तर पठार कापा, दफनभूमी कापू नका.

अजून दम असेल तर परतताना व्हॅरम-ले-स्ट्रीटचं चर्च बघा. त्याचा मनोरा अकराव्या शतकाच्या आसपासचा आहे, आणि शाबूत चर्च कसं दिसतं हे पडकं बघून आल्यावर जास्त कळतं. दिवसभर चालायची सवय असणाऱ्यांनी यॉर्कशायर वोल्ड्स वे या पायवाटेनं थिक्सेंडेलला जाऊन यावं. हेसल ते फायली अशी ही ७९ मैलांची वाट व्हॅरम पर्सीवरूनच जाते, आणि थिक्सेंडेलची माणसं ज्या टेकड्या ओलांडून आपली शवपेटी खाली आणत, त्याच टेकड्यांवरून तुम्ही चालता. त्यासाठी मात्र वेगळा दिवस काढा. जेवायचं असेल तर मॉल्टन. रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघरं लवकर बंद होतात, म्हणून चारच्या आत पोचा किंवा जास्तीच्या दशम्या गाडीत ठेवा.